आगाऊ

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. "काय, संपली का लिहायची हौस?" असं दोघा-तिघांनी विचारलंही. हौस संपली नव्हती, मी कोर्टकचेरीत होतो. आमच्या घराण्यात कोर्टाची पायरी चढलेला मी दुसरा. पहिले आमचे आजोबा, बांधाच्या भांडणात चढले होते. ते चढले, आणि उतरले माझे वडील, एकवीस वर्षांनी. त्यामुळे घरात "कोर्ट" हा शब्द काढला की आई अजून देवापुढे दिवा लावते.

आणि मी चढलो ते तिच्याच चारधाम यात्रेच्या पैशांसाठी.

नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांनी ही गोष्ट अर्धवट ऐकली आहे आणि त्यावरून "याला उगाच भांडायची खुमखुमी" असं पक्कं मतही करून घेतलं आहे. म्हणून आज सगळं लिहून टाकतो. लांबेल. चहा घेऊन बसा.

तर जानेवारी २०२३ मध्ये आई, दोन मावश्या आणि शेजारच्या काकू अशा चौघींनी चारधामला जायचं ठरवलं. चौघींचीही गुडघ्यांबद्दल तक्रार, पण "आत्ता नाही तर कधी?" ठाण्यातल्या एका यात्रा कंपनीचं पत्रक आळेफाट्याच्या स्टँडवर कुणीतरी वाटत होतं. माणशी २८,५०० रुपये, कल्याणहून रेल्वेनं हरिद्वार, पुढे बस, जेवण मराठी पद्धतीचं. पूर्ण पैसे आधी भरले तर दीड हजाराची सूट, हे त्या २८,५०० मध्ये धरूनच. चौघींनी आपापले पैसे माझ्याकडे आणून दिले आणि मी २० जानेवारीला १,१४,००० रुपये माझ्या खात्यावरून पाठवले. पावती माझ्या नावानं आली. (ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.)

ते पैसे कसले होते हेही सांगायला हवं. आईचे दुधाचे. थोरल्या मावशीचे बचत गटातले. धाकटीला तिच्या मुलानं दिले. आणि काकूंचे? काकू हंगामात कांद्याच्या चाळीत निवडायला जातात, त्या रोजाचे. एका जुन्या साडीच्या घडीत ठेवलेल्या पाचशेच्या आणि शंभराच्या नोटा. "आमच्या घरात सांगू नको रे, मी सांगितलंय की तुझी आईच नेतीये म्हणून." मी हो म्हटलं. त्यात काय मोठं, असं वाटलं तेव्हा.

यात्रा १२ मेला निघायची होती. ९ मेला कंपनीचा निरोप आला: हवामान आणि अपुरी संख्या यामुळे सहल रद्द, आपली रक्कम पुढच्या वर्षीच्या सहलीत वळती करण्यात येईल. इकडे चौघींच्या बॅगा भरलेल्या, मेथीचे लाडू वळलेले, माकडटोप्या आणलेल्या. (आमच्या थोरल्या मावशी माकडटोपीत कशा दिसतात हे तुम्ही पाहिलं नसेल तर आयुष्यात काही पाहिलं नाही.) मी फोन केला, म्हटलं वळती नको, परत द्या. त्यावर पलीकडचा मुलगा म्हणाला, "काका, पावतीच्या मागे लिहिलंय, पैसे परत मिळत नाहीत." मी म्हटलं, ते आम्ही रद्द केली तर. रद्द तुम्ही केलीत. मग जरा गप्प झाला. पुढचे दोन महिने असंच चाललं. शेवटी एकदा त्याच्या वरच्या माणसानं फोन घेतला आणि म्हणाला, "हे पाहा, उगाच आगाऊपणा करू नका."

आगाऊ! मला त्या रागातही हसू आलं. पैसे देताना आगाऊ दिले ते चाललं, मागताना मीच आगाऊ!

गंमत अशी की मी स्वतः वसुलीतला माणूस. आळेफाट्यावरच्या एका पतसंस्थेत अठरा वर्षं थकबाकीचं काम बघतो. लोक मला बघून रस्ता बदलतात, इतकी माझी ख्याती. आमच्याकडे कर्ज थकलं की महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम १०१ आहे. निबंधकाकडून वसुलीचा दाखला घ्यायचा, मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, वसुली अधिकारी असतो, जप्ती असते. "१०१ काढू का?" एवढं विचारलं तरी काही लोक दुसऱ्या दिवशी हप्ता आणून भरतात. आणि त्याच मी ठाण्याच्या एका माणसाकडून एक लाख चौदा हजार रुपये मागताना दोन महिने फोनवर गाणं ऐकत बसलो होतो.

तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं, की आगाऊ पैसे देणं म्हणजे दुसरं काय आहे? कर्जच. मी त्या कंपनीला चार महिने बिनव्याजी, बिनतारणी, बिनजामीनदार कर्ज दिलं होतं. आमच्या संस्थेत दहा हजारांसाठी दोन जामीनदार लागतात हो! आणि मी लाखभर रुपये एका रंगीत पत्रकावर देऊन मोकळा.

तुम्ही म्हणाल, मग द्यायचेच कशाला? द्यावे लागतात. आमच्या भागाचं अर्धं अर्थकारण आगाऊ पैशांवर चालतं. टोमॅटोची रोपं लावायची तर नर्सरीवाल्याकडे आधी नोंदणी आणि पैसे. लग्नाचं कार्यालय, बँडवाला, मांडववाला, सगळ्यांना आधी. आणि सगळ्यात मोठा आगाऊ पैशांचा बाजार इथून पंधरा-सोळा किलोमीटरवर, नारायणगावात भरतो. पाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, चहा पितात, घासाघीस करतात, सुपारी ठरते, विसार दिला जातो. मी आमच्या गावच्या कमिटीबरोबर दोनदा गेलोय. एवढा मोठा व्यवहार, पण माणसं एकमेकांना जास्त करून तोंडावरच ओळखतात. तिथे विसार बुडत नाही असं मी म्हणणार नाही, भांडणं तिथेही होतात. पण फडमालकाला पुढच्या पाडव्याला त्याच जागी राहुटी लावायची असते आणि कमिटीवाल्यांनाही पुढच्या वर्षी त्याच्याच दारात जायचं असतं. एका गावाचा विसार खाल्ला तर दहा गावांत बोभाटा. विसार टिकतो तो या बोभाट्याच्या धाकावर.

ठाण्याच्या कंपनीला आळेफाट्यातल्या बोभाट्याचं काय? ते स्टँडवर पुन्हा पत्रकं वाटतील, फक्त दुसऱ्या तालुक्यात. गावात जे काम चारचौघांची जीभ करते, ते तिथे कायद्यानं करायला पाहिजे. आता कायदा ते किती करतो ते ऐका.

लेस्टरला असलेली माझी मावसबहीण (धाकट्या मावशीची मुलगी, म्हणजे तिच्या आईचेही पैसे अडकलेले) म्हणाली, "अरे, सरळ स्मॉल क्लेम्सला जा ना!" तिनं म्हणे एका सोफ्याच्या दुकानाविरुद्ध घरबसल्या ऑनलाइन दावा लावला होता आणि तारीख लागायच्या आत दुकानदारानं पैसे टाकले. इंग्लंडमध्ये दहा हजार पौंडांपर्यंतचे असे दावे या सोप्या वाटेनं जातात. मी उत्साहानं शोधायला बसलो. आपल्याकडे नावाला तसंच काहीतरी आहे, लघुवाद न्यायालय. मुंबईचं तर १८८२ च्या कायद्यातलं, पुण्यातही आहे. पण तिथली गर्दी मुख्यतः घरमालक आणि भाडेकरूंची. जुन्नर कोर्टातले एक ओळखीचे वकील हसले आणि म्हणाले, "तुमचं स्मॉल क्लेम्स म्हणजे ग्राहक आयोग. आणि मला पैसे देऊ नका, स्वतःच जा."

मग मी वाचायला लागलो. (पतसंस्थेतल्या माणसाला कायदा वाचायचं वेड असतं, बायकोला विचारा.) बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ साली. ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये, २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली म्हणून तो दिवस आपण ग्राहक दिन म्हणून पाळतो. म्हणजे पुण्यातली माणसं कायद्याच्या बारा वर्षं आधीपासून हे सांगत होती. आता चालतो तो २०१९ चा नवा कायदा, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. त्यात एक गोष्ट फार मोलाची आहे: तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. जुन्या कायद्यानं मला बहुधा ठाण्याला, म्हणजे माळशेज घाट उतरून जावं लागलं असतं. आणि दुसरी, पाच लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर तक्रारीला फी शून्य. वकील लागत नाही. मुदत दोन वर्षांची. वाचून मी इतका खूश झालो, की रात्री अकराला बायकोला उठवून सांगितलं. तिनं कूस बदलली.

आधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी ती कंपनीला पाठवली, कंपनीनं तेच उत्तर दिलं, वळती करतो. मग आळेफाट्याच्या पोस्टातून मराठीत नोटीस पाठवली, पंधरा दिवसांची. तिचं उत्तर आलं नाही, पण पोच आली. मला पोचच हवी होती. वसुलीच्या धंद्यात शिकलेली एकच गोष्ट सांगतो: समोरच्याला काय म्हणालात यापेक्षा त्याची पोच तुमच्याकडे आहे का, हे महत्त्वाचं. पावती, बँकेचा उतारा, ९ मेचा निरोप, सगळे मोबाइलवरचे संदेश तारखेसकट छापलेले, प्रतिज्ञापत्र. सप्टेंबर २०२३ मध्ये ई-दाखिल या संकेतस्थळावर तक्रार चढवली. (२०२५ पासून त्याच्या जागी ई-जागृती आलंय, कुणाला करायचं असेल तर जुनं शोधत बसू नका.) पावती माझ्या नावावर होती म्हणून चौघींना सह्यांसाठी, तारखांसाठी ओढावं लागलं नाही. ज्याच्या नावावर पावती तो ग्राहक, बाकीच्या लाभार्थी.

नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. पंचेचाळीसच्या पुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी मार्च २०२० मध्ये ठाम सांगितलंय. आमच्या कंपनीचं उत्तर पंचेचाळीस दिवसांत आलं नाही. मला वाटलं, झालं, जिंकलो! कायद्यात तर नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय.

तीन महिने. अहो, तीन महिन्यांत आमचा कांदा येतो. निकाल आला फेब्रुवारी २०२५ मध्ये.

मधल्या काळात मी अकरा वेळा पुण्याला गेलो. आळेफाट्याहून पुणे नव्वद किलोमीटर, पण ते कागदावर. चाकणच्या कोंडीत बस उभी राहिली की किलोमीटर मोजायचे नसतात, फक्त घड्याळ बघायचं. वाकडेवाडीला उतरायचं, पुढे रिक्षा, तिथे जाऊन बाकावर बसायचं. पुकारा झाला की उभं राहायचं. कंपनीचा वकील आला तर मुदत मागायचा, न आला तर त्याच्या वतीनं दुसरा कुणीतरी येऊन मुदत मागायचा. एक अक्षर लेखी उत्तर नाही, तरी मुदत! एका दिवसाची रजा, एका दिवसाचं जेवण, तिकीट. एकदा आई हट्टानं बरोबर आली. "मला बघू दे तरी माझे पैसे कुठं अडकलेत." तिला एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे जाताना खूश होती. बाकावर शेजारी एक बाई होत्या, त्यांच्या मुलाच्या क्लासची फी अडकलेली. पलीकडे एक गृहस्थ, फर्निचरसाठी दिलेले पैसे. सगळ्यांची गोष्ट एकच, फक्त वस्तू वेगळी. आईनं डब्यातला लाडू त्या बाईंना दिला. परतताना मंचरच्या पुढे आल्यावर म्हणाली, "एवढी माणसं फसत्यात व्हय रं? मला वाटलं आपणच येडे."

आई हे बोलली आणि मला लक्षात आलं, की ही मंडळी कशाच्या जोरावर पैसे दाबून बसतात. कायद्यातल्या पळवाटांच्या जोरावर नाही. आपल्या लाजेच्या जोरावर. फसलो हे चारचौघांत सांगायची लाज, "एवढ्याशा पैशांसाठी कशाला" म्हणायची सवय. माझ्या एका चुलत्यांनी मला समजावलं होतं, "अरे, देवाच्या नावानं काढलेले पैसे, देवालाच गेले समज." देवाला कुठे गेले, ठाण्याला गेले! आणि काकू तर माझ्या दारावरून जाताना मान खाली घालून जायच्या. पैसे त्यांचे, अडकवले मी, आणि मागायची लाज त्यांना. दोनदा मी म्हटलं, तुमचे मी देतो, माझे आले की घेईन. नको म्हणाल्या. "तू काय खाल्लेस का?"

अर्ज केला तर व्हिडिओवरून सुनावणीची सोय कायद्यात आहे. मी तो अर्ज केलाच नाही. समोर उभं राहिल्याशिवाय कुणी ऐकत नाही हा आमच्या धंद्यातला समज नडला. ती चूक माझी.

असो. निकाल आमच्या बाजूनं लागला. १,१४,००० रुपये, २० जानेवारी २०२३ पासून ९ टक्के व्याज, मानसिक त्रासाचे दहा हजार, खर्चाचे पाच हजार, पंचेचाळीस दिवसांत द्यायचे. पावतीच्या मागचा मजकूर चालला नाही. सहल स्वतःच रद्द करून पैसे अडकवून ठेवणं ही सेवेतली त्रुटी, सरळ गोष्ट. घरी पेढे वाटले. लेस्टरहून फोन आला. चुलते म्हणाले, "मी म्हणतच होतो."

पंचेचाळीस दिवस झाले. साठ झाले. पैसे आले नाहीत.

लोकांना वाटतं निकाल म्हणजे शेवट. वसुलीवाल्याला माहीत असतं की निकाल म्हणजे सुरुवात. कागदावर पैसे मिळाले, आता हातात यायला पुन्हा अर्ज, पुन्हा नोटीस, पुन्हा तारखा. नव्या कायद्यात कलम ७१ नं आयोगाचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो, आणि कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा पंचवीस हजार ते एक लाख दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ऐकायला जोरदार आहे. पण जुन्या १९८६ च्या कायद्यात एक साधी सोय होती: आयोगानं जिल्हाधिकाऱ्याला वसुलीचा दाखला पाठवायचा, आणि ती रक्कम जमीन महसुलासारखी वसूल व्हायची. म्हणजे जवळपास आमच्या १०१ सारखंच! २०१९ च्या कायद्यात ती वाट काढून टाकली. का, हे मला कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. दिवाणी अंमलबजावणी म्हणजे समोरच्याची मालमत्ता कुठे, खातं कुठल्या बँकेत, हे शोधायचं कुणी? मी. आळेफाट्यातून. नव्वद किलोमीटरवर तारीख आणि घाटापलीकडे कंपनी.

हा घोळ माझ्या एकट्याचा नाही. पुण्यातल्याच पाम ग्रोव्हज सहकारी गृहनिर्माण संस्थेचा बिल्डरशी वाद होता. तो ग्राहक न्यायालयांतून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, तो अंमलबजावणीच्याच प्रश्नावर. जुन्या कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं शब्दांची अशी काही गल्लत झाली होती, की अंतरिम आदेशाची अंमलबजावणी करता येते पण अंतिम आदेशाची येते का, यावरच वाद. १५ मार्च २००३ पासून २० जुलै २०२० पर्यंत, सतरा वर्षं! सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं, की तिथे "कोणताही आदेश" असं वाचायचं. सतरा वर्षं कायद्यात हे भोक होतं आणि आपल्याला जाहिरातीत सांगत होते, जागो ग्राहक जागो. अहो, जागाच होतो मी! रात्री अकराला बायकोलाही जागं केलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आगाऊ पैसे देणाऱ्याला कायद्यानं सावकार समजावं. निदान पतसंस्थेइतका तरी. आम्हाला आमचे पैसे वसूल करायला दाखला मिळतो, मग काकूंना का नाही? वसुली दाखल्याची जुनी वाट परत आणा. आणि त्याहून बरं म्हणजे पैसे मुळात त्यांच्या हातात पूर्ण जाऊच देऊ नका. हे काही आकाशातून आणायचं नाही. घरबांधणीत २०१६ च्या रेरा कायद्यानं केलंच की! घर घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांतले सत्तर टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे, बांधकामासाठी आणि जमिनीसाठीच काढायचे. ब्रिटनमध्ये विमानानं नेणाऱ्या सहल कंपन्यांसाठी १९७३ पासून एटॉल नावाची योजना आहे. कंपनी बुडाली तरी प्रवाशाचे पैसे परत आणि अडकलेला माणूस घरी. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथली थॉमस कुक बुडाली तेव्हा दीड लाखाच्या आसपास माणसं परत आणली होती. आणि आपल्याकडे पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०१९ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, गुडविन ज्वेलर्सच्या डोंबिवली-ठाण्याकडच्या दुकानांना टाळी लागली. महिन्याच्या महिन्याला सोन्यासाठी पैसे भरलेल्या बायका बंद शटरसमोर उभ्या. मालक भाऊ डिसेंबरमध्ये पकडले गेले. पण पकडलं म्हणजे पैसे आले असं थोडंच आहे? आमची कंपनी निदान उभी होती, म्हणून माझं नशीब बरं म्हणायचं.

सहल कंपन्या, क्लासवाले, जिमवाले यांनी घेतलेले आगाऊ पैसे सेवा देईपर्यंत त्यांचे नव्हेतच, असं एकदा लिहून टाकलं की निम्मे बाक रिकामे होतील. लहान धंदेवाला मरेल, असं आमचे व्यवस्थापक म्हणतात. आगाऊ पैशांशिवाय तो रेल्वेची तिकिटं कशी काढणार? त्यात तथ्य आहे. मी म्हणतो, तिकिटांपुरते काढू दे की, पण तिकिटं दाखवून काढू दे. आमच्याकडे गोठ्याचं कर्ज घेतलं तर म्हैस दाखवावी लागते.

अंमलबजावणीचा अर्ज केला, कंपनीच्या संचालकांच्या नावानं जामीनपात्र वॉरंट निघालं, आणि मग चमत्कार झाला. दोन वर्षं गाणं ऐकवणाऱ्या नंबरवरून मलाच फोन. "साहेब, खाते क्रमांक तोच का?" काकाचा साहेब झालो. २० ऑगस्ट २०२५ ला १,५५,५०५ रुपये जमा झाले.

हिशेब असा केला. नुकसानभरपाईच्या पंधरा हजारांतून माझे जाण्यायेण्याचे आणि झेरॉक्सचे ६,६०० वजा. (रजा धरल्या नाहीत, बायको म्हणते धरायला हव्या होत्या.) उरलेल्याचे चार भाग. व्याजासकट प्रत्येकीच्या वाट्याला ३७,२२६ रुपये. आईनं तिचे गुडघ्यांसाठी ठेवलेत, चारधामचं नाव काढत नाही. मावश्यांनी अष्टविनायकाचं ठरवलंय, त्यातले ओझर आणि लेण्याद्री तर आमच्या तालुक्यातलेच, म्हणजे निम्मा प्रवास फुकट, असं थोरलीचं गणित.

काकू मात्र मे महिन्यात गेल्या. साधा ताप, मग निमोनिया, आठ दिवसांत खेळ आटोपला. निकाल लागलेला त्यांना माहीत होता, पैसे बघितले नाहीत.

त्यांचं पाकीट घेऊन मी चार दिवस फिरत होतो. घरात सांगू नको असं मी कबूल केलेलं. पाचव्या दिवशी त्यांच्या मुलाला ओट्यावर बोलावून दिलं आणि काय ते सांगितलं. तो म्हणाला, "आई तर म्हणायची, तुमच्या आई फुकट नेणार होत्या. मी तर तुमच्या आईचे उपकार मानत होतो." मग नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"हे वरचे कसले?"

"व्याज."

"आमच्या आईच्या पैशावर व्याज?" असं म्हणून तो जरा वेळ तसाच बसला, आणि मग विचारलं, कांद्याच्या चाळीत रोज किती मिळतो. मला नक्की सांगता आलं नाही. त्यालाही माहीत नव्हतं.